उभ्या वेंडेलिनची काठी

मी हेझलच्या लाकडाची काठी आहे. माणसाहून हातभर उंच, मनगटाहून बारीक, खाली लोखंडी टोक आणि वर काहीच नाही. टिरोलच्या डोंगरात शिकारी माणूस अशी काठी न घेता दिसला, तर लोक विचारतात, "आज कुणाच्या लग्नाला निघालास काय?" बोलायची मला सवय नाही. माझे काम टेकू देण्याचे. पण ज्याला मी जन्मभर टेकू दिला, त्याची एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली होती. आता ती साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

ओढ्याच्या काठावर आम्हा बहिणींचे दाट झुडूप होते. त्यातल्या बहुतेक सूर्याकडे बघत वाकड्या वाढल्या. मी मधोमध अडकलेली, त्यामुळे सरळ वर जाण्याशिवाय मला वाटच नव्हती. वेंडेलिनने मला तोडले ते भर थंडीत, कृष्णपक्षात. त्या पक्षात तोडलेले लाकूड पिळवटत नाही, असे इथली माणसे मानतात. मग गोठ्याच्या आढ्याला मला उलटे टांगले आणि खाली एक दगड बांधला. खालून गाईंचा उबदार श्वास, वरून कौलांतली थंडी, अशी मी सावकाश वाळले. दुसरा हिवाळा सरला तेव्हा त्याने मला खाली उतरवले, साल तशीच ठेवली, लोहाराकडून टोक बसवून घेतले. अंगणात मला रोवून तो सगळे वजन टाकून माझ्यावर रेलला. मी वाकले नाही.

"हं," तो म्हणाला. कौतुक करायची त्याची तेवढीच पद्धत.

वेंडेलिन हा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पगारावर ठेवलेला शिकारी. गावाच्या वर जे फर वृक्षांचे रान आहे, ते हिवाळ्यात कोसळणारे बर्फ अडवून धरते. तांबडी हरणे फार झाली की त्या रानातल्या रोपांचे शेंडे खुडून टाकतात. रान म्हातारे होते, त्याच्या जागी नवे उभे राहत नाही. म्हणून दर शरदात काही हरणे कमी करावी लागतात. ते काम त्याचे. पण "शिकारीला जातो" असे तो कधी म्हणत नसे. "जरा वर जाऊन बघतो," म्हणायचा आणि मला उचलायचा.

वर गेल्यावर माझे खरे काम सुरू होई. चढताना मी डोंगराच्या बाजूला, उतरताना मागे. आणि हरीण दिसले की पुढे. तो मला समोरच्या मातीत रोवायचा, जराशी आपल्याकडे कललेली. डाव्या हाताने मला मुठीत धरायचा आणि त्याच मुठीवर, अंगठ्याच्या बेचक्यात, बंदूक ठेवायचा. दोन पाय त्याचे, तिसरा मी. श्वास अर्धा सोडून थांबायचा. त्या वेळी आम्हा दोघांत इतकी शांतता असे की गवतातला नाकतोडा माझ्या सालीवर चढून बसे.

उभे राहून, एका काठीच्या आधाराने नेम धरणे ही आमच्या खोऱ्यातली मानाची गोष्ट. पिशवी पुढे ठेवून पालथे पडणे हे बाहेरून आलेल्या पाहुण्या शिकाऱ्यांचे. वेंडेलिन नेहमी उभाच असे आणि त्याची गोळी कधी वाया जात नसे. लोक त्याला 'उभा वेंडेलिन' म्हणत. त्याला हे नाव आवडायचे. आवडते असे तो बोलला नाही, पण कुणी तशी हाक मारली की त्याची माझ्यावरची मूठ किंचित सैल पडायची.

त्याची मुलगी नोटबुर्गा. घरात बुर्गी. ती डेअरीत चीज बनवते. तिशी उलटल्यावर तिने शिकाऱ्याच्या परीक्षेचा अर्ज भरला, आणि एका रविवारी बापलेक रिकामी बंदूक आणि मला घेऊन डेअरीमागच्या उतारावर आले.

बुर्गीने मला रोवले आणि बंदुकीची नळी सरळ माझ्या अंगावर टेकवली.

"तशी नको," वेंडेलिन म्हणाला.

"का? काठी मजबूत आहे की."

"मजबूत आहे म्हणूनच. गोळी सुटताना नळी कठीण वस्तूवरून उसळते, मग गोळी वर जाते. मधे हात घाल. हात मऊ असतो."

"कुणाचा? रोज चीजच्या चाकाएवढ्या ढेपा उचलून माझा हात तुमच्या बुटाच्या तळव्यासारखा झालाय."

"मग बूट घाल. पण मधे काहीतरी घाल."

ती हसली, मग खाली बसून नेम धरून बघू लागली. त्याने तिला टाचा मातीत रोवायला लावल्या. "कोपर गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नकोस. हाडावर हाड घसरतं. दंडाचा मांसल भाग गुडघ्याच्या पुढे अडकव. हां. आता बंदूक धरू नकोस, नुसती ठेव. तुला नाही, जमिनीला पेलू दे."

मग त्याने तिला पालथे पाडले, पिशवीवर बंदूक ठेवायला शिकवले, गुडघा टेकून बसवले, उभे केले. आणि शेवटी म्हणाला, "पडायला जागा असेल तर पड. पडता येत नसेल तर बस. उभं राहायचं ते अगदी शेवटी, दुसरं काहीच नसेल तेव्हा. आणि तरी हलत असेल तर चापावर बोट ठेवायचं नाही. घरी यायचं. रिकाम्या हाताने घरी येण्यात लाज नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही तर कायम उभे."

"मी तुला शिकवतोय. तू मला शिकवू नकोस."

बुर्गी पास झाली. चीजच्या कामातून वेळ मिळाला की ती बापाबरोबर वर येऊ लागली.

त्यानंतरच्या वसंतात मला पहिल्यांदा ते जाणवले. बर्फ वितळून ओढे भरले होते आणि वेंडेलिन पुलावर थांबला होता, उजवा हात माझ्यावर. माझ्या अंगात एक बारीक कंप उतरला. मला वाटले, पाण्याचा असेल. पूल ओलांडून आम्ही कुरणात आलो तरी तो कंप होताच. तो त्याच्या हातातून येत होता.

पुढे तो वाढला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की जिवाला काही धोका नाही, हात असाच थरथरत राहील, वयाबरोबर थोडा जास्त. वेंडेलिनने मान हलवली, बाहेर आला आणि दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ मला धरून उभा राहिला. घरी मात्र त्याने सांगितले, "रक्तदाब ठीक आहे म्हणाले."

माणूस लपवायला लागला की किती हुशार होतो, हे मी तेव्हा पाहिले. तो कॉफीचा कप अर्धाच भरायला सांगू लागला. चर्चमध्ये गाण्यांचे पुस्तक हातात न धरता पुढच्या बाकावर ठेवू लागला. बटणांचा सदरा जाऊन डोक्यातून घालायचे लोकरीचे कपडे आले. आणि रस्त्यात कुणी बोलायला थांबले की तो दोन्ही हातांनी मला घट्ट आवळायचा. दाबून धरले की हात जरा कमी हलायचा. जे उरायचे ते मी जमिनीत सोडून द्यायची. लोकांना वाटायचे, उभा वेंडेलिन काठीवर रेलून निवांत गप्पा मारतोय.

हे सगळे चालले असते. पण तो अजून बंदूक घेऊन वर जात होता.

ऑक्टोबरात माजावरच्या नरांचे हंबरणे संपले आणि हरिणी कमी करायचे दिवस आले. त्या सकाळी बुर्गी डेअरीत होती. बरोबर कासियान होता, गावातल्या खानावळीचा मालक, वेंडेलिनचा बालमित्र, पोटाने मोठा आणि जिभेने त्याहून मोठा. आस्टा कुत्री त्यांच्या पायाशी. समोरच्या उतारावर एक म्हातारी हरिणी एकटीच चरत होती. आमच्या पायाखाली सपाट, कोरडे गवत. पालथे पडायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

"टाक पिशवी आणि पड सरळ," कासियान कुजबुजला.

"पडायला मी काय पाहुणा आहे?" म्हणत वेंडेलिनने मला रोवले.

बंदुकीतून, त्याच्या मुठीतून, माझ्या सालीतून तो कंप थेट लोखंडी टोकापर्यंत गेला. मला ओरडता आले असते तर ओरडले असते. तो थांबला, श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा थांबला. कासियान बघत होता. कुणी बघत नसते तर त्याने बोट काढून घेतले असते, असे मला अजून वाटते.

गोळी हरिणीच्या पाठीवरून गेली आणि मागच्या खडकावर फुटली. हरिणीने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि झाडीत शिरली. नेम चुकला याची खात्री असली तरी जागेवर जाऊन बघायचे, हा इथला नियम. आस्टाने सगळीकडे हुंगले, कुठे रक्त नाही, केस नाही. ती खडकापाशी बसून कान खाजवू लागली. खडकावर पांढरा ओरखडा.

"वारा," वेंडेलिन म्हणाला.

कासियानने गवताकडे पाहिले. एक पाते हलत नव्हते. "असेल बाबा," तो म्हणाला.

नोव्हेंबरात शिकाऱ्यांच्या संताचा सण येतो. त्यानंतरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, कासियानच्या खानावळीत आमच्या गावचे शिकारी एक खोटे कोर्ट भरवतात. कासियान बायकोचा काळा झगा अंगावर चढवून न्यायाधीश होतो. वर्षभरात ज्याने जो वेंधळेपणा केला त्याचा खटला चालतो. शिक्षा म्हणजे सगळ्यांना श्नाप्स, इथली फळांची कडक दारू, पाजणे. त्या दिवशी मचाणावर झोपी गेलेल्याचा खटला झाला, काडतुसे घरी विसरून डोंगर चढलेल्याचा झाला. मग कासियानने सूपचा मोठा डाव टेबलावर आपटला.

"आरोपी उभा वेंडेलिन! आरोप असा की आरोपीने वरच्या कुरणात एक निरपराध खडक ठार मारला."

सगळे टेबलांवर मुठी आपटू लागले.

"खडक नर होता की मादी?" मागून कुणीतरी ओरडले.

"वजन किती भरलं?"

"शिंगं भिंतीला लाव रे, वेंडेलिन!"

वेंडेलिनही हसत होता. आमच्या कोर्टाची एक रीत आहे. आरोप वाचला की निकाल लागेपर्यंत आरोपीने काठोकाठ भरलेला पेला हात सरळ लांब करून धरायचा; सांडला तर गुन्हा कबूल. कासियानने पेला पुढे केला.

"माझ्या हातात काठी आहे," वेंडेलिन म्हणाला.

"काठी साक्षीदार आहे. ती बुर्गीकडे दे."

त्याने मला बुर्गीच्या हातात दिले. मला ते आवडले नाही, पण मला कोण विचारतो. त्याने पेला घेतला, हात लांब केला, आणि श्नाप्स त्याच्या बोटांवरून, मनगटावरून टपटप फरशीवर सांडू लागले. हशा झाला. "आधीच किती घेतलीस रे?" मग हशा जरा विरळ झाला. पेला अजून हलत होता.

"न्यायाधीशांनीच वर डोंगर करून भरलाय," बुर्गी मोठ्याने म्हणाली. "फुकटचं ओततानाच एवढा हात सैल. आमच्या ताटात मांस वाढताना कुठे जातो?"

खानावळ पुन्हा हसली, कासियान स्वतःच सगळ्यात जास्त. वेंडेलिन निर्दोष सुटला.

घरी जाताना बुर्गीने मला त्याच्या हातात परत दिले नाही. स्वतःच टेकत चालली. गिरणीच्या वळणावर ती थांबली.

"मी आज तुमच्यासाठी खोटं बोलले, बाबा. परत बोलणार नाही."

वेंडेलिनने कोटाची कॉलर वर केली.

"कधीपासून आहे?"

"बुर्गी, थंडी आहे. चल."

"खडक होता म्हणून आज लोक हसले. खडकाच्या जागी पोटात गोळी घेऊन पळणारं जनावर असतं, तर? रात्रभर झाडीत पडून राहिलं असतं, तर? तुम्हीच सांगितलंत ना मला, हलत असेल तर घरी यायचं?"

"घरी येईन," तो हळू म्हणाला, "आणि मग काय करीन?"

 तिने मला त्याच्या हातात दिले. कंप लगेच माझ्यात उतरला. या वेळी त्याने मला आवळून तो दाबला नाही, कारण आता बघणारी तीच एकटी होती.

महिना संपता संपता वरून गुराख्याचा निरोप आला: मोडक्या पायाचे एक पाडस आईमागे लंगडत फिरते आहे. पुढचा उजवा पाय, बहुधा घरंगळत्या दगडाने मोडलेला. बर्फ पडले की ते उपाशी मरणार, तेही सावकाश. वेंडेलिनने निरोप ऐकला आणि बंदूक खांद्याला लावली. बुर्गीने डेअरीत दुसऱ्या बाईला उभे केले आणि न विचारता बरोबर निघाली. वाटभर दोघे हवेविषयी बोलले, आस्टा मागोमाग.

मायलेकरे सापडली ती खुरट्या पाइनच्या झाडीतल्या गवताच्या पट्ट्यावर. पाडस तीन पायांवर उभे होते, चौथा लोंबत होता. आई जरा पुढे.

वेंडेलिन पालथा पडला. होय, पडला. बुर्गीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू विचारत होती, "पाहिलंस ना?" पण समोर पाइनच्या फांद्या आडव्या आल्या, काही दिसेना. तो गुडघ्यावर आला. नळीचे टोक वाऱ्यातल्या गवतासारखे हलू लागले. मग त्याने मला रोवले आणि उभा राहिला.

 पाडस आडवे उभे होते, शांत, नेमासाठी अगदी योग्य. वेंडेलिनने श्वास सोडला. कंप माझ्यात आला, थांबला नाही. मी तो जमिनीत सोडत होते आणि तो येतच होता.

त्याने बोट काढून घेतले. बंदुकीचा खटका बंद केला.

"माझ्याच्याने होणार नाही," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, किल्ली सापडत नाही म्हणावे तसा. "तू बस."

बुर्गी बसली. टाचा रोवल्या. मला पुढे धरून मुठीवर बंदूक ठेवली. पण उतार इतका तिरका की तिचा उजवा गुडघा खाली राहिला आणि कोपर अधांतरी लोंबू लागले. बंदुकीवरच्या दुर्बिणीतली फुली पाडसाच्या अंगावरून वरखाली होत होती.

"हलतंय," ती म्हणाली. "कोपराला काही नाही. बाबा, घरी जाऊ या का?"

वेंडेलिन तिच्या उजवीकडे, जरा मागे, मातीत बसला. सरकत सरकत जवळ आला आणि आपला खांदा तिच्या कोपराखाली दिला. थरथरणारा हात त्याने दोन्ही गुडघ्यांच्या मधे दाबून टाकला.

"आता?"

"थांबा. श्वास घेताय तुम्ही. फुली तुमच्याबरोबर वर जाते."

"चाळीसेक वर्षं लोकांना श्वास रोखायला सांगतोय," तो पुटपुटला, "आता मलाच सांगतायत."

"बाबा. गप्प."

त्याने श्वास रोखला. तिने रोखला. तिच्या डाव्या मुठीत मी होते, आणि पुष्कळ दिवसांनी माझ्या अंगात काहीही हलत नव्हते. हात थरथरत होता, खांदा नाही. हे आमच्यापैकी कुणाच्याच आधी लक्षात आले नव्हते.

गोळी सुटली. पाडस जागच्या जागी बसले, जसे दमून बसावे तसे. पुन्हा उठले नाही. आई थोडी पळाली, थांबली, वळून बघत राहिली आणि मग झाडीत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघे तसेच बसून राहिले, कोपर खांद्यावरच.

खाली जाऊन वेंडेलिनने फरची एक डहाळी मोडून पाडसाच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी त्याने आपल्या टोपीवर ठेवली आणि टोपी बुर्गीपुढे धरली. शिकार करणाऱ्याला ही डहाळी बरोबरच्या माणसाने द्यायची असते. टोपी थरथरत होती, डहाळी तिच्यावर नाचत होती. त्याने दुसरा हात लावला नाही. बुर्गीनेही घाई केली नाही. तिने डहाळी उचलली, मधून मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली.

"अर्धी तर माग काढणाऱ्या कुत्र्याला देतात," वेंडेलिन म्हणाला.

"आस्टाला आज काही कामच पडलं नाही. वाटा तुमचा."

"म्हणजे मी कुत्रा?"

"कुत्रा गप्प बसतो, बाबा."

तो हसला. बर्फावर उमटलेल्या सशाच्या पावलांसारखे ते हसू त्याच्या तोंडावर थोडा वेळ राहिले. मग त्याने अर्धी डहाळी टोपीत खोचली, दोन-तीनदा चुकून, शेवटी बरोबर.

दुसऱ्या दिवशी तो शेतकऱ्यांच्या प्रमुखाकडे गेला आणि सांगून आला की यापुढे बंदूक बुर्गीची. दुर्बीण आपण ठेवू, हरणे कुठे आहेत ते आपण शोधू, नेम तिने धरायचा. तिथून कासियानच्या खानावळीत गेला आणि पूर्ण भरलेली कॉफी मागितली. निम्मी बशीत सांडली. कासियानने बशीकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"म्हणजे त्या दिवशी," कासियान म्हणाला, "मी..."

"तू झगा घालून फार छान दिसत होतास," वेंडेलिन म्हणाला. "आणखी एक बशी दे."

आता माझे अर्धे वय उरले आहे की कमी, ठाऊक नाही. टोक झिजून बोथट झाले, मधे एक चीर गेली होती ती बुर्गीने तारेने बांधली. चढताना मी तिच्या हातात असते, कारण वर काम तिचे. उतरताना तिच्या खांद्यावर ओझे असते, तेव्हा ती मला बापाकडे देते.

माझी एकच विनंती आहे, या घराला आणि ज्याच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल त्यालाही. आम्हाला शिंगांच्या शेजारी भिंतीवर टांगू नका. आम्ही शोभेसाठी वाळलो नाही. चीर वाढली, वजन पेलेना झाले, तर चुलीत घाला, एक वेळचे सूप शिजेल. तोपर्यंत दाराशी उभी ठेवा, हाताला येईल अशी. आणि कुणाचा हात माझ्यावर थरथरला तर मूठ आवळून घ्यायला सांगू नका. मला तो कंप पेलता येतो.

संध्याकाळी गावातून चालताना लोक अजूनही हाक मारतात, "काय रे, उभ्या वेंडेलिन!" तो थांबतो, बोलतो. एका हाताने मला सैल धरलेले असते. त्याचा हात थरथरतो, मी थरथरते, लोक बघतात, आणि मग आम्ही घरी जातो.